बॉम्बच्या आट्यातलं कुंकू

एकाहत्तर साली देशाचं संरक्षण मुख्यत्वे माझ्यावर अवलंबून होतं. सरकारला हे माहीत नव्हतं, लष्करालाही कुणी कळवलं नव्हतं, पण मला पक्कं माहीत होतं. मी एकोणीस वर्षांची होते, अंगात कारखान्याचा निळा कोट होता आणि चालताना मान इतकी ताठ, की आमच्या खासबागेतल्या बायांना वाटायचं, पोरीची मान अवघडलीय.

हल्ली टीव्हीवर लढाईच्या बातम्या लागल्या की बातम्या देणारी पोरं घसा फोडून ओरडतात आणि आमच्या घरचे सोफ्यावर चकल्या खात शत्रूला धडा शिकवतात. सून विचारते, आई, तुम्हाला हसू कसलं येतं? त्या ओरडणाऱ्यांत मला मीच दिसते, हे तिला काय सांगू. फरक इतकाच की माझ्या हातात माइक नव्हता.

गावाबाहेरच्या उद्यमबागेत शेतीच्या पंपांचे सुटे भाग करणारा एक लहानसा कारखाना होता. युद्धाचं वारं सुटलं तसं त्याला लष्कराचं काम मिळालं. पंप कोपऱ्यात गेले आणि लेथवर ॲल्युमिनियमचा एक तुकडा तयार होऊ लागला. मुठीत मावेल एवढा, टोपीसारखा, बाहेरून आटे पाडलेला. तो उखळी तोफेच्या बॉम्बला लागतो, एवढंच मालकांनी सांगितलं. कुठं लागतो, कशाला लागतो, ते गुपित. मला वाटतं त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण गुपित हा शब्द उच्चारताना ते डोळे असे बारीक करायचे की पुढचं विचारायची छाती होत नसे.

तपासणीला आम्हा पाच मुलींना घेतलं होतं. मुलींची बोटं नाजूक, नजर बारीक, असं मालक म्हणाले. पगारही बारीक होता, ते म्हणाले नाहीत. काम सोपं होतं. गेज म्हणून एक पोलादी कडं असायचं, त्यात तुकडा हातानं फिरवून बसवायचा. सरळ गेला तर पास, अडकला तर लाल डब्यात. एवढ्याशा कामाचा मी काय थाट केला होता! तुकडा गेजमध्ये फिरवताना ओठ घट्ट मिटायची, डावी भुवई जरा वर चढवायची. बॉम्बचं नाक हेच, असा आम्हा पाचजणींचा निष्कर्ष होता. म्हणजे शत्रूवर पहिल्यांदा आदळणार ते माझं काम. गुपित असल्यामुळं साऱ्या गावाला ठाऊक होतं. शनिवार खुटाच्या चौकातली भाजीवाली मेथीची जुडी बांधताना कानडीत विचारायची, किती बॉम्ब झाले आज? मी म्हणायची, ते सांगता येत नाही. आणि मग सांगायची.

आमचे आप्पा कोर्टात कारकून. मुलीनं कारखान्यात जावं हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं, पण देशाचं नाव पुढं केल्यावर त्यांची पंचाईत झाली. शेवटी कोर्टातल्यासारखी तडजोड झाली. माल तपासायला लष्कराकडून येणाऱ्या सुभेदारांनी तो पास केला आणि दसऱ्यापर्यंत मालकांनी मला कायम केलं, तर मी कामावर राहायचं. नाहीतर निपाणी. निपाणी म्हणजे तिथल्या आत्यानं बघून ठेवलेलं स्थळ. मुलगा तंबाखूच्या वखारीत कामाला होता, स्वभावानं गरीब, पण तंबाखूच्या धुळीनं सारखा शिंकायचा. मी त्याला एका लग्नात पाहिलं होतं. मंगलाष्टकं चालू असताना तो इतक्यांदा शिंकला, की भटजींनी दोनदा थांबून वर पाहिलं.

तर देश एकीकडं आणि निपाणी दुसरीकडं, अशी माझी लढाई होती. देशाचं मी सगळ्यांना सांगायची. निपाणीचं कुणालाच नाही.

खंडेनवमी आली. दरवर्षी कारखान्यात त्या दिवशी लेथ, करवती, पाने, हातोडे यांची पूजा व्हायची. पण ही शस्त्रांची पूजा, आणि आमच्या नशिबी आजवर पाण्याचे पंप. यंदा पहिल्यांदा खरी शस्त्रं हाताशी होती. सगळा कारखाना हरखून गेला. लेथवरची टर्नर मंडळी धुतलेली धोतरं, इस्त्रीचे शर्ट घालून आली. झेंडूच्या माळा इतक्या झाल्या, की लेथचं हँडल शोधावं लागत होतं. मालकांच्या आईला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. त्या टिळकवाडीतल्या बंगल्यातून चांदीचं ताट घेऊन आल्या. तयार माल ट्रेमध्ये रचून ठेवला होता. आक्कांनी पहिल्या ट्रेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि म्हणाल्या, झालं.

मला ते झाल्यासारखं वाटेना. एका ट्रेला कुंकू आणि बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? प्रत्येक तुकडा वेगळा जाणार, वेगळा फुटणार. मी तसं बोलून दाखवलं. कुणीतरी शहाण्यानं मला गप्प बसवायला हवं होतं, पण सगळ्यांचे डोळे पाणावले. मालक म्हणाले, पोरीचं बरोबर हाय. मग काय, पाचही जणी बसलो आणि एकेका तुकड्याला हळद, कुंकू आणि अक्षता वाहिल्या. माल नुकताच तेल लावून ठेवलेला, त्यामुळं कुंकू छान चिकटत होतं. चिकटतंय म्हणजे देवीला मान्य आहे, असंही मीच म्हणाले.

दुपारी सुभेदार आले. लष्कराला खंडेनवमीची सुट्टी नसते. उंच, काटक माणूस, मिशी पांढरी होत आलेली, बोली चंदगडकडची. त्यांनी प्रसाद घेतला, कपाळाला अंगारा लावला, मग स्वतःचं गेज काढून पहिला तुकडा त्यात फिरवला. अर्ध्यात अडकला. जोर लावून बाहेर काढला तर आट्यांत तेलात कालवलेल्या कुंकवाचा लाल चिखल आणि एक तांदूळ. दुसरा उचलला. तोही तसाच. तिसऱ्याला त्यांनी गेज लावलंच नाही, तो नुसता नाकाशी नेऊन हुंगला.

"ही बुचं कुणी सजवली?" ते म्हणाले.

बाकी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, मी मात्र भलत्याच शब्दावर अडले. "बुचं?"

"बूच न्हाय तर काय? बॉम्ब ठेवतात तवा त्याच्या तोंडाला लावायचं. आत ओल जाऊ नये म्हणून. उडवायच्या येळी काढायचं, टाकून द्यायचं, मग त्या जागी बॉम्ब फोडणारा फ्यूज बसवायचा."

टाकून द्यायचं. भुवई जागच्या जागी खाली आली. मी इतके दिवस बॉम्बचं नाक म्हणून मिरवत होते ते बरणीचं झाकण निघालं. रडू आलं असतं तर बरं होतं. मला आला राग. मी म्हटलं, टाकूनच द्यायचं तर मग कुंकू असलं काय नि नसलं काय, एवढी खोड कशाला काढता? मालकांनी माझ्याकडं असं पाहिलं, की निपाणीचा रस्ता मला समोर दिसू लागला.

सुभेदार चिडले नाहीत. ते स्टुलावर बसले आणि एक तुकडा तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरला.

"पोरी, डोंगरात थंडीनं बोटं लाकडं होत्यात. हातात लोकरीचे मोजे. समोरनं गोळी येतीय. तवा हे दोन फेऱ्यांत निघाय पायजे. आमच्या एकाचं निघालं न्हाय. चाकूनं उचकटत बसला."

त्यांनी तो तुकडा हळूच ट्रेमध्ये परत ठेवला. लेथवरच्या माळेतली एक पाकळी गळून तेलात पडली, ती मला अजून दिसते, कारण मी दुसरीकडं कुठंही पाहू शकत नव्हते.

मग ते उठून मालकांना म्हणाले, की ट्रक उद्या संध्याकाळी जाणार. तोवर साफ झालं तर पास, नाहीतर काम दुसऱ्या कारखान्याला.

म्हणून गाव सोनं लुटत होतं तेव्हा आम्ही रॉकेलनं बुचं धूत होतो. नुसतं रॉकेल आट्यांत पोचेना, ब्रश हवेत. आमच्या खासबागेत कोण ब्रशनं दात घासायचं? मिश्रीचं बोट, नाहीतर कडुनिंबाची काडी. ब्रश टिळकवाडीत असायचे. आक्कांनी बंगल्यातल्या तिन्ही सुनांचे, शिवाय मालकांचाही, असे ब्रश पदराखालून आणले. ते पुरेनात, तेव्हा टर्नरांनी कुंपणाबाहेरच्या कडुनिंबाच्या काड्या तोडल्या, चावून त्यांची टोकं कुंच्यासारखी केली आणि आम्ही आटे घासू लागलो. सगळ्यांची तोंडं कडू. बोलायला कुणाला सवड नव्हती, हे मालकांना फार आवडलेलं दिसलं.

दुपारी दारात आप्पा उभे. मागे आत्या आणि आत्यामागे निपाणीचा मुलगा, इस्त्रीच्या सदऱ्यात. दसऱ्याचा मुहूर्त आत्यानं सोडला नव्हता. आप्पांनी हळू आवाजात सांगितलं, की घरी चल, साडी नेस, पाहुणे आलेत. मी मान वर न करता म्हटलं, "ट्रक संध्याकाळी हाय, आप्पा." आप्पांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उठले असते.

तेवढ्यात निपाणीचा मुलगा सदरा सावरत खाली बसला. त्यानं विचारलं, की हे काय. मी म्हटलं, बूच. त्यानं आणखी काही न विचारता एक काडी घेतली आणि घासायला लागला. रॉकेलच्या वासानं तो एकदाही शिंकला नाही, हे नमूद करायला हवं. काम नीट करत होता. मध्येच एखादं बूच मी त्याला परत द्यायची, अजून लाल दिसतंय म्हणून, आणि तो निमूट पुन्हा घासायचा. सुभेदार बाजूला उभे राहून बघत होते. मिशीखाली हसत असावेत.

दिवेलागणीला माल पास झाला. मालकांनी सगळ्यांसमोर मला कायम केल्याचं सांगितलं. आणि वाटेत त्या मुलानं आत्याला सांगितलं, "पोरगी चांगली हाय, पण मला नको. जन्मभर काय ना काय घासाय लावंल." आत्या वर्षभर आमच्याशी बोलली नाही. मी त्याला मनातल्या मनात सोन्याचं पान दिलं.

डिसेंबरात लढाई पेटली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. सांबऱ्याच्या विमानतळाकडनं विमानाचा आवाज आला की आमची आई चूल झाकायची. मी रोज देवापुढं हात जोडून विजय मागायची, आणि जराशी कुरबुरही करायची: देवा, जिंकव, पण घाई करू नको. ट्रक येत राहिले तर मी कायम, एवढी अक्कल मला आली होती. लांब कुणाची तरी बोटं लाकडं होत होती आणि मी इथं हिशेब घालत होते, युद्ध निदान संक्रांतीपर्यंत चालावं असा. देवानं माझं अर्धंच ऐकलं. आईनं घातलेलं लोणचं मुरायच्या आत लढाई संपली.

मालकांनी कारखान्यात खव्याचा कुंदा वाटला. ज्या हातानं वाटला त्याच हातानं मान खाजवत म्हणाले, की लष्कराचं काम थांबलं, आता पुन्हा पंप, आणि पंपाला तपासणी कशाला, तर मुलींनी सोमवारपासून येऊ नये. आम्ही पाचहीजणी हातात कुंदा धरून उभ्या. चौघींनी खाल्ला आणि गेल्या. कायम म्हणजे किती, हे त्या दिवशी कळलं.

सोमवारी मी निळा कोट घालून गेले. कुणी अडवलं नाही, कारण अडवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या टेबलावर लेथवरून नुकतेच उतरलेले पंपाचे बुश, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या कड्या, पडले होते. पंपाच्या मापाचं गेज मी कपाटातून काढून घेतलं. थोड्या वेळानं मालक आले, थबकले, बोलायला तोंड उघडलं. मी पहिला बुश गेजमध्ये फिरवला. अडकला. मी तो लाल डब्यात टाकला.

"अगं, हे पाण्याच्या पंपाचं हाय," मालक म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं, "पण बसत न्हाय."

आणि दुसरा उचलला.