आडखारची अकरा घरं

पनवेलहून बैलगाडी निघाली तेव्हा माझ्याजवळ फिरकीचा तांब्या, दशम्या, छत्री आणि वही, एवढं सामान होतं. आमच्या भागाचा भूगोल मी शाळेतल्या मुलांसाठी लिहीत होते. गावं चौदा, प्रत्येक गावाला सात प्रश्न. तेरा गावं झाली होती. चौदावं आडखार. जुन्या यादीत त्याच्यापुढे एकच शब्द होता : ओसाड.

"ओसाड कसला? चुली पेटतान तिथं," गाडीवान नामा म्हणाला. "पोरा खारी (खाडी) वलांडून ओवे गावाच्या शालंत जातान."

म्हणजे वस्ती खरी असेल, तर आडखारला स्वतःची शाळा मागता येईल. ओसाड गावाला शाळा कोण देणार?

बेलपाडा मागे पडला. उजवीकडे खारघरचा डोंगर, डावीकडे खाडी, मध्ये पिकलेलं भात. भरतीचं पाणी शेतांहून उंच. त्याला थोपवून धरणारा मातीचा बांध तेवढा दोघांमध्ये. गाडी थांबली आणि उतरताना माझा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. चप्पल तिथेच राहिली.

पहिल्याच अंगणात एक म्हातारी सुकट निवडत होती. नाव हिरामाय. माझ्या हातातली वही बघून तिने सूप बाजूला सारलं.

"इथं किती घरं आहेत, आजी?"

"घरा? नाय बा. आमी भात कापाला आलोय. इथं कोन रात नाय."

मागे कोंबड्या, दारात तुळस, चुलीवर रटरटणारं निवट्यांचं (चिखलातल्या माशांचं) कालवण! पण पुढच्या तिन्ही दारांत हेच उत्तर. त्यांना मी घरपट्टी लावायला आलेली मोजणीची बाई वाटले होते. ओसाड हा शब्द माझ्या वहीत पक्का व्हायला आला.

भर दुपारी पौर्णिमेची भरती चढली आणि बांधावरून हाळी आली, "खांड गेलीऽ!"

बांध फुटला होता. क्षणात घराघरांतून माणसं फावडी, पेंढा, टोपल्या घेऊन धावली. इथे प्रत्येक घराचा बांधाचा वाटा ठरलेला. खांड कुठेही पडो, हाळी आली की घरटी एक माणूस आलंच पाहिजे.

"वही ठेव गो, चिखल दे!" हिरामाय माझ्यावर ओरडली. मी पदर खोचून रांगेत उभी राहिले.

पाणी थांबलं, भात वाचलं. मग हिरामाय बांधावरून बोट फिरवत कोणाचा वाटा कुठला ते सांगू लागली. मी मोजलं. अकरा.

"आजी, कोणी राहत नाही ना?"

हशा पिकला. हिरामायही पदराआड हसली. मी शाळेचं सांगितल्यावर मात्र तिने पानावर कालवण वाढलं आणि सातही प्रश्नांची उत्तरं दिली. "सासऱ्याच्या येलंला बांध फुटला, सगली पांगली. तवाच लिवला असंल ओसाड. आमी परत आलो, तां कोनी लिवलाच नाय."

मी तो शब्द खोडून 'अकरा घरं' लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"बारा लिव," ती म्हणाली. "बांधाला हात लावलास. तुजा पन वाटा झाला."

यादी खरी हवी, म्हणून मी अकराच ठेवली. गाव पाहायचं तर दारोदार विचारत फिरण्यापेक्षा त्याच्या बांधावर उभं राहावं, एवढं मात्र परतताना गाडीत टिपून ठेवलं. पिशवीत गावातच लिहिलेला शाळेचा अर्ज होता. त्यावर अकरा अंगठे, आणि खाली बारावी सही माझी.