कडेच्या स्टुलावर कोण बसणार

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःला सोडवत जाईन, ती सवय मला आहे. सात बायकांसमोर मी आठवीला विचारलं, "रोज तुम्हीच का बसता? कारण सांगा." तिनं ते सांगितलं नाही. कारण न सांगण्यावरच तिची नोकरी टिकून होती आणि त्या खोलीत हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

अंबरनाथ पूर्वेला एमआयडीसीत मलमाच्या ट्यूब भरणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी पॅकिंगचा सुपरवायझर आहे. मशीनमधून ट्यूब पट्ट्यावर पडतात. बायका त्या माहितीच्या कागदासकट खोक्यात सरकवतात, खोकी मोठ्या बॉक्समध्ये भरतात, बॉक्सला टेप मारून एकावर एक रचतात. लाइनवर आठ जणी. सात उभ्याने, एक बसून. पट्ट्याच्या अगदी शेवटी, बाथरूमच्या दाराजवळ, एक उंच स्टूल आहे. त्यावर बसून बॉक्सवरचा नंबर नीट छापला गेलाय का, एवढंच बघायचं. सगळ्यात जड काम शेजारचंच, भरलेले बॉक्स उचलून रचायचं.

स्टुलावर कोण बसणार हे मी कधी ठरवलं नव्हतं. ते सकाळी कपडे बदलायच्या खोलीत ठरायचं. बेलवलीहून येणारी एक बाई लाइनवर सगळ्यात जुनी. तिला सगळ्या मावशी म्हणतात, मीसुद्धा. मावशी एकेकीचा चेहरा बघायची आणि एकीला म्हणायची, "आज तू बस गं." तिनं कारण सांगायचं नाही, बाकीच्यांनी विचारायचं नाही. कुणाची पाळी असेल, कुणाचं पोर तापानं फणफणलं असेल, कुणाला घरातलं सगळं नुसतं नकोसं झालं असेल. तिच्या वाट्याचं उचलणं बाकीच्या वाटून घ्यायच्या. माझ्या डोळ्यांदेखत हे नऊ वर्षं चाललं होतं आणि मला वाटायचं, बायका आळीपाळीने बसतात.

मी जिला तो प्रश्न विचारला ती पालेगावची बाई, चाळिशी ओलांडलेली. सासरची शेतजमीन बिल्डरकडे गेली, भावाभावांच्या वाटणीत यांच्याकडे मागच्या दोन खोल्या राहिल्या. नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, मुलगी नर्सिंगला. घर तिच्या एकटीच्या कामावर चालत होतं. गावाकडे लग्न आहे म्हणून तिनं तीन आठवड्यांची रजा घेतली. परत आल्यावर ती रोज स्टुलावर बसायला लागली. दोन आठवडे झाले तरी तीच. मला ते खटकायला लागलं.

नेमकं त्याच सुमारास मला एक दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथे शिकवलं की लाइनवर प्रत्येकानं दर दोन तासांनी जागा बदलावी, म्हणजे कुणावर अन्याय होत नाही. मला ते इतकं पटलं की घरी बसून मी तक्ता केला. आठ नावं, आठ रंग. प्लास्टिकमध्ये मढवून आणला. बायकोला मोबाइलवर फोटोही दाखवला. तिनं भाजी निवडता निवडता "छान" म्हटलं.

सोमवारी सकाळी तक्ता भिंतीला लावला आणि छोटंसं भाषण केलं. सगळ्या सारख्या, कुणी लाडकी नाही, कुणी दोडकी नाही. मावशी म्हणाली, "सर, आमचं आम्ही बघतो ना. माल कधी कमी पडलाय का?" मी म्हटलं, लाइन माझी आहे. मागून एक तरुण पोरगी हळूच म्हणाली, "सरांना ट्रेनिंग बाधलंय," आणि दोघी हसल्या. त्या हसण्यानंच मी चिडलो असणार. पालेगावच्या बाईकडे वळून मी तो प्रश्न विचारला. वर म्हणालो, ज्यांना बसायचंय त्यांनी कारण लिहून द्यावं, मी विचार करीन.

ती हातमोज्याचं बोट ओढत राहिली. मग म्हणाली, "नाय सर, काय नाय. करते मी."

चार दिवस तिनं केलं. तिची बॉक्स उचलायची पाळी आली की शेजारच्या बायका आपली जागा सोडून तिच्याकडे धावायच्या. मी ओरडायचो, "आपापल्या जागेवर थांबा." हे वाक्य मी किती वेळा बोललो ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. चिटिंग थांबवल्याचं समाधान होतं मला तेव्हा.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधी ती रचलेल्या बॉक्सच्या मागे खाली बसली आणि उठलीच नाही. मी धावत गेलो तर बायकांनी तिच्याभोवती कडं केलं होतं, दोघींनी अ‍ॅप्रन सोडून आडोसा धरला होता. फरशीवर रक्त होतं. मावशीनं मागे न बघता सांगितलं, "सर, तुम्ही बाहेर जा." मी गेलो. रिक्षा बोलावली, एवढंच केलं.

उल्हासनगरच्या दवाखान्यात कळलं. रजा लग्नासाठी नव्हतीच. तिची गर्भपिशवी काढली होती. तीन महिने वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण ती ठेकेदाराकडून आलेली कामगार. ऑपरेशन झालेली बाई ठेकेदार परत घेत नाही, दुसरी आणतो. म्हणून तिनं लपवलं आणि म्हणून सगळ्यांनी मिळून तिला त्या स्टुलावर लपवलं.

संध्याकाळी ऑफिसात मला अहवाल लिहायचा होता. मी लिहिलं, "महिला कामगाराने शस्त्रक्रियेची माहिती लपवली." वाक्य खरं होतं. त्यात तक्ता नव्हता, माझा प्रश्न नव्हता, "जागेवर थांबा" नव्हतं. त्या एका वाक्यावर ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी तिला काढलं.

आणि मला राग कुणाचा आला? त्यांचाच. मला का सांगितलं नाही? एकीनं कानात सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं तिला? घरी, रिक्षात, जेवताना मी मनातल्या मनात त्या सगळ्यांशी भांडत होतो. लाइनवर सगळ्या "हो सर", "नाही सर" एवढंच बोलायच्या. आधी कुणीतरी डब्यातली सुकटीची चटणी चाखायला द्यायचं, तेही बंद झालं. मी मावशीकडे सफरचंदांची पिशवी दिली, पालेगावला पोचवा म्हणून. दुसऱ्या दिवशी पिशवी माझ्या टेबलावर होती, गाठ तशीच.

मग एका खोक्यात निळा धागा निघाला. औषधाच्या खोक्यात धागा म्हणजे सगळी बॅच अडकते. मी शोध घेत दुपारी कपडे बदलायच्या खोलीपर्यंत गेलो आणि दार वाजवलं. मावशीनं दार उघडलं. आत सगळ्या जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर जीन्स, हातात छोट्या कात्र्या. उल्हासनगरला जीन्स शिवतात, शिवल्यावर लोंबणारे धागे कापायचं काम बायकांना घरी देतात. पालेगावच्या बाईला यांनी ते काम मिळवून दिलं होतं. तिला फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून तिच्या गठ्ठ्यातला अर्धा माल या डबा खाता खाता कापत होत्या. जिच्या घरी जायची पाळी असेल ती संध्याकाळी गठ्ठा न्यायची, जाताना भाकरी-कालवण न्यायची, बाईच्या नवऱ्याला उठवून बसवायची.

मी धाग्यावरूनच बोलायला सुरुवात केली. नियम, औषध, कपड्याचा भुगा. मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"धाग्याचं चुकलं आमचं. उद्यापासून कंपाउंडबाहेर झाडाखाली बसू," ती म्हणाली. "पण सर, तुम्ही विचारत फिरताय ना, मला का नाही सांगितलं म्हणून? आम्ही एकमेकींनाही सांगत नाही. सांगावं लागत नाही म्हणून तर जमतं."

"मला कळायला नको का मावशी?"

"कळलं ना. मग काय लिहिलंत कागदावर?"

अहवाल तिनं वाचला नव्हता, पण लाइनवर सगळं कळतं.

घरी बायकोला सांगितलं, जरा बाजू घेईल या आशेनं. ती बदलापूरला एका पतपेढीत आहे. तिनं विचारलं, "अहो, गेल्या वर्षी मला सहा महिने झोप नव्हती, दरदरून घाम यायचा. कामावर कुणी माझा काउंटर सांभाळला, माहितीये तुम्हाला?"

मी म्हटलं, मला बोलली नाहीस.

"बोलले होते. तुम्ही म्हणालात डॉक्टरला दाखव, आणि बातम्या लावल्यात." मग तिनं तिच्या दोन मैत्रिणींबद्दल सांगितलं, ज्या तिला अकरा वाजता मागच्या खोलीत पाठवून तिची रांग आपल्याकडे घ्यायच्या. मी त्या दोघींना ओळखतो. आमच्याकडे हळदीकुंकवाला येतात. मी त्यांना "फार बडबड करता" म्हणून चिडवायचो.

दुसऱ्या दिवशी मी नवीन अहवाल लिहिला. तक्ता, प्रश्न, मदतीला येणाऱ्यांना अडवणं, सगळं. चार ओळी लिहायला पूर्ण दुपार गेली, कारण प्रत्येक ओळीत माझा हात स्वतःसाठी एखादी पळवाट ठेवत होता. तो घेऊन मालकांकडे गेलो. ते उल्हासनगरचे सिंधी, माणूस वाईट नाही, पण कागदाला धरून चालणारा. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून म्हणाले, "पहले तूने लिखा, उसने छुपाया. अब तू लिखता है, तूने छुपाया. मी कुठला कागद सही समजू?"

"दुसरा," मी म्हटलं.

मला लेखी ताकीद मिळाली. ठेकेदाराशी मालक स्वतः बोलले. डॉक्टरांचं पत्र आणलं तर बाईला बसून करायच्या कामावर घ्यायचं ठरलं. आणखी सात आठवडे गेले. त्यातले बरेच दिवस ठेकेदाराचा माणूस फोनच उचलत नव्हता. मी रोज करत होतो आणि रोज चिडत होतो. तेवढे दिवस झाडाखाली जीन्सचे धागे कापले जात होते.

ती आली त्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत मी तिला गाठलं आणि घाईघाईनं "सॉरी हां ताई, झालं गेलं," असं काहीतरी म्हणालो. "ठीक आहे सर," ती म्हणाली. अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात ती "करते मी" म्हणाली होती. मी हलकं वाटून घेतलं, तेवढ्यात मावशी कप घेऊन जवळ आली.

"विचारलंत सगळ्यांसमोर, आणि माफी चहाच्या रांगेत मागता होय?"

त्या दिवशी मी मावशीवरही चिडलो. किती वाकायचं माणसानं, असं वाटलं. संध्याकाळपर्यंत तो राग ओसरला आणि खाली नुसती लाज उरली.

सकाळी लाइन सुरू व्हायच्या आधी मी आठ जणींना थांबवलं. तरुण पोरगी म्हणाली, "आता कसलं ट्रेनिंग, सर?" कुणी हसलं नाही. पालेगावची बाई माझ्याकडे बघत नव्हती आणि मीही तिला बघायला सांगितलं नाही. भाषण पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"ताई," मी म्हटलं, "मी तुम्हाला या सगळ्यांसमोर विचारलं, तो माझा हक्क नव्हता. चार दिवस तुम्ही वजन उचललंत ते माझ्यामुळे. या बायका मदतीला येत होत्या, त्यांना मी अडवलं. तुम्ही पडलात तेव्हा दोष मी तुमच्यावर लिहिला आणि तुमची नोकरी घालवली. हे सगळं मी केलं, दुसऱ्या कुणी नाही. माझं चुकलं. तुम्ही मला माफ करा, आणि तुम्ही सगळ्यांनीही करा."