चष्मा काढून गायलेलं गाणं

“चष्मा काढ. ओरिजनल वाटत नाही.”

झाईला चिकूच्या वाडीत एक रिसॉर्ट आहे. त्याच्या स्टेजमागे मालक मला हे म्हणाला. मी चष्मा काढला. मग चपला काढायला लावल्या. मग त्याला माझ्या हातातली वही दिसली. “ही कशाला? तुम्हा लोकांना सगळं पाठच असतं ना?” वहीही खुर्चीवर ठेवली. हे सगळं मी मुकाट केलं. त्याची लाज मला अजून वाटते, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

मी वारली आदिवासी, रानशेतची. अच्छाडच्या एका ढाब्यावर रोट्या करते आणि गाणी लिहिते. कणीक मळताना चाल सुचते, ती मोबाइलमध्ये गुणगुणून ठेवते. शब्द घरी गेल्यावर वहीत. त्या दिवशीचं गाणं चेकनाक्यावर अडकलेल्या ट्रक ड्रायव्हरचं होतं. त्याला घरी फोन करायचाय, तो ढाब्यावर चार्जर मागतो, आणि एकही प्लग मोकळा नसतो. त्या कडव्याने मला महिनाभर छळलं होतं. किती वेळा खोडलं, पानच फाटलं.

मालकाने माइक घेतला. “आता ऐका, शेकडो वर्षांपूर्वीचं आदिवासी लोकगीत. कोणी रचलं, कोणालाच माहीत नाही.”

शेकडो वर्षांपूर्वीचा चार्जर! एकालाही हसू आलं नाही. चष्म्याशिवाय मला समोर नुसते ठिपके दिसत होते. ठिपक्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी वाकून नमस्कार केला.

पंधरा दिवसांनी ढाब्याच्या मालकीणबाईंनी मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. चेहरा माझा, आवाज माझा. खाली लिहिलेलं: पारंपरिक गीत. संकलन आणि संगीत म्हणून रिसॉर्टच्या मालकाचं नाव.

मी बस पकडून झाईला गेले. त्याने मला ऑफिसात उभंच ठेवलं.

“अगं, तुमच्यात गाणी कोण लिहितं? ती अशीच चालत येतात. तुझी आई धवलेरी ना? विचार तिला, तिच्या गाण्यावर कोणाचं नाव असतं?”

धवलेरी म्हणजे आमच्यात लग्न लावणारी बाई. ती गाते आणि लग्न लागतं. आई जन्मभर गायली, पण गाणं माझं असं कधी म्हणाली नाही. आमचीच रीत त्याने माझ्या तोंडावर फेकली होती. आणि खरं सांगते, मला क्षणभर वाटलं, बरोबरच बोलतोय की हा.

घरी आई तांदूळ पाखडत होती. मी सांगितलं तसं सूप थांबलं.

“माजा नाव नसतं गान्यात. पन नवरीचा असतं. नवऱ्याचा असतं. त्यांच्या आयांचा असतं. नाव घेतल्याबिगर लगीन लागतं का?” मग म्हणाली, “गाना सगल्यांचा, तर मंग त्याचा एकट्याचा कसा झाला?”

एवढं साधं मला तिथे सुचलं नव्हतं. माझाच मला संताप आला.

हिवाळ्यात रिसॉर्टच्या मालकाचा पुन्हा निरोप आला. सुट्टीचे पाहुणे आलेत, तेच गाणं हवंय. मी गेले.

“चष्मा,” तो म्हणाला.

“राहू दे.”

“अगं, फोटोत...”

“चष्मा राहणार. वही राहणार. चपलासुद्धा.”

लोक बसले होते, त्याच्याकडे वाद घालायला वेळ नव्हता. त्याने पुन्हा तेच शेकडो वर्षांचं सुरू केलं. तो थांबताच मी माइकसमोर गेले. “हे गाणं मी लिहिलंय. ही वही.” मग गायले. शेवटचं कडवं नवीन होतं, आईच्या लग्नगीतांच्या चालीतलं. त्यात माझं नाव घेतलं, आईचं घेतलं, गावाचं घेतलं. मांडवात घेतात तसं, मोकळ्या गळ्याने. समोर माणसं बसली होती, त्यांचे चेहरे मला पहिल्यांदाच दिसले. एका बाईने खाली ठेवलेला मोबाइल परत वर धरला. मालक कडेला उभा राहून हातानेच थांब, थांब करत होता.

“पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही,” उतरल्यावर तो म्हणाला. बरं, म्हटलं, आणि बस पकडली.

आता माझ्या प्रत्येक गाण्यात माझं नाव असतं. शेवटी नाही, मधोमध. चालीत असं विणलेलं, की ते काढायचं तर गाणंच मोडावं लागेल. मोडा. मी दुसरं लिहीन. त्यातही असेल.