भाट्याच्या पुलावर थांबलेली एसटी

नात सकाळी धावायला जाऊन आली आणि पोटऱ्यांना बाम चोळत बसली. त्या वासानं मी थेट भाट्याच्या पुलावर जाऊन पोचले.

मी आणि माझी मैत्रीण सुलभा, दोघी पन्नाशीच्या, शर्यतीत उतरायचं म्हणून रोज पहाटे तिथे धावायचो. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, तोंडावर खाडीचा खारा वारा. एका सकाळी मागून एसटी आली आणि आमच्या शेजारी थांबली. आमच्याकडे बाई धावते ती गाडी चुकू नये म्हणून, दुसरं काय.

"चढा मावशी, तुमच्यासाठीच थांबवलीय," कंडक्टर म्हणाला.

"आम्हांला कुठे जायचं नाही," मी म्हटलं.

"मग धावताय कशाला?"

अख्खी गाडी हसली. खिडकीत नेमके सुलभाचे थोरले दीर बसलेले. ते गोड आवाजात म्हणाले, "सुलभा, चढ गो. दमलीस किती." कुणीतरी उठून तिला जागाही दिली. माझ्याकडे एकदा बघून ती चढली, आणि पुन्हा कधी धावायला आली नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, माणसं किती चांगली. आज आठवलं की अंगाची आग होते. कुणी ओरडलं असतं तर भांडता तरी आलं असतं. उठून जागा देणाऱ्याशी भांडायचं कसं, सांगा. आणि दमायचे ती मी. सुलभा तर रोज माझ्या आधी पूल ओलांडून माझी वाट बघत उभी असायची.