लेबल नसलेली बाटली

तेरखेड्यात फटाक्यांच्या कारखान्यासाठी संघप्रिया घरीच कागदी नळ्या वळते. गेल्या उन्हाळ्यात तिला वाटू लागलं, आपलं डोकं चालेनासं झालंय. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यातून आणलेल्या एचआयव्हीच्या गोळ्या महिना भरायच्या आधीच संपायच्या. झोप उडाली. आपण एकाच दिवशी दोनदा गोळी घेतो की काय, असं तिनं तिथल्या समुपदेशक बाईंना विचारलंही. त्या म्हणाल्या, ‘घरात एका माणसाला तरी सांगा.’

घरात माणूस एकच होतं, सासू सुमनबाई. नवरा मच्छिंद्र याच आजारानं गेला, पण आईला त्यानं सांगितली होती कावीळ. म्हणून संघप्रिया बाटलीचं लेबल खरवडून काढायची आणि सांगायची, ‘ताकदीच्या गोळ्या हायत.’

एका दुपारी शेजारच्या पार्वतम्मा दारात आल्या.

‘सुमनबाई, तुमच्या गोळीनं गुडघं लई हलकं झालं बघा. आणिक द्या चार.’

‘घ्या की. सरकारच्या फुकटच्या तर हायत,’ सुमनबाई हसल्या. ‘सुनेला कशाला पायजे ताकद? ती म्हशीवाणी हाय.’

आत नळ्या चिकटवत बसलेल्या संघप्रियानं खळीचं भांडं बाजूला सारलं. गप्प राहिली, तर पार्वतम्मा गोळ्या खात राहणार. बोलली, तर सासूला मुलाचं मरण नव्यानं कळणार.

‘मावशी, खाऊ नका. त्या एचआयव्हीच्या हायत. माझ्या.’

‘थट्टा करती व्हय गं?’ कुणीच हसेना, तसा पार्वतम्मांचा चेहरा उतरला. ‘आता मला झाला का त्यो?’

‘गोळीनं होत न्हाय. पर उद्या डॉक्टरला दाखवू.’

सुमनबाई सुनेकडं बघत होत्या. ‘आन् माझा मच्छिंद्र?’

‘त्यांलाबी तेच व्हतं, आत्या.’

‘म्या गावभर कावीळ सांगत फिरले,’ एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिघी एसटीनं धाराशिवला गेल्या. पार्वतम्मा पुढच्या बाकावर एकट्या बसल्या. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, रक्त घेतलं, गोळ्या बंद करायला सांगितल्या. काळजीचं काही दिसत नाही, म्हणाले.

बाहेर आल्यावर सुमनबाई कालपासून पहिल्यांदा सुनेशी बोलल्या. ‘ह्या गोळ्या माझ्या लेकाला मिळाल्या असत्या, तर?’

‘मिळाल्या व्हत्या,’ संघप्रिया म्हणाली. ‘तुम्हाला दिसतील म्हणून त्यांनी घरात आणल्या न्हाईत.’

सुमनबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. पार्वतम्मांनी दोनदा हाक मारली, तरी उठल्या नाहीत.