मंगळवारी मी तिथे नव्हते

एजन्सीच्या व्हिसावर मी अबू धाबीत आले तेव्हा मला वाटलं होतं, एक हॉस्पिटल मिळेल, तिथले वॉर्ड, तिथल्या मैत्रिणी आपल्या होतील. तसं काही झालं नाही. कुणी सिस्टर रजेवर गेली की तिच्या जागी मी जायचं. कधी दोन महिने, कधी चार. अबू धाबीचं लायसन्स शारजात चालत नाही, म्हणून एजन्सीने मला शारजाचंही काढून दिलं. म्हणजे मला आणखी लांब पाठवता येणार होतं. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका खोलीत आम्ही चौघी राहायचो, पण चौघी एकदम खोलीत असल्याचं मला क्वचितच आठवतं.

त्या उन्हाळ्यात मी मुसफ्फातल्या एका छोट्या दवाखान्यात होते. आसपासच्या वर्कशॉपमधले कामगार तिथे यायचे. असेच एकदा एक काका आले. पन्नाशीचे, संगमेश्वरकडचे, वेल्डिंगचं काम करणारे. सर्दीचं औषध मागत होते. माझ्या तोंडून सवयीने मराठीत "बसा" निघालं आणि त्यांनी चमकून वर पाहिलं. मग म्हणाले, "सिस्टर, पायाला जरा काय तरी झालंय."

सेफ्टी बूट काढला तेव्हा मोजा जखमेला चिकटलेला होता. अंगठ्याखाली रुपयाएवढा खड्डा. त्यांना दुखत नव्हतं, आणि मला भीती त्याचीच वाटली. साखर तपासली, ती खूप वाढलेली होती. गोळ्या त्यांनी कधीच सोडल्या होत्या. फोरमनला कळलं तर अनफिट म्हणून घरी पाठवतील, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे ते ड्युटी सुटली की एक दिवसाआड येत. मी ड्रेसिंग करायची आणि ते गावाकडचं बोलत बसायचे. सिस्टरची मी ताई कधी झाले ते कळलं नाही. जखम मात्र भरत नव्हती. डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनसाठी चिठ्ठी लिहिली. मोठ्या हॉस्पिटलचं नाव काढलं की काका बूट चढवायला लागायचे. तिथे इंग्रजीत विचारतील, मी काय सांगणार, पाय कापा म्हटलं तर मला कळणारसुद्धा नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी म्हटलं, मंगळवारी मला सुट्टी आहे, मी येते तुमच्याबरोबर. तेव्हा कुठे ते तयार झाले. दवाखान्यापाशी भेटून तिथून टॅक्सीने जायचं ठरलं.

शुक्रवारी एजन्सीतल्या कोऑर्डिनेटर बाईंचा फोन आला. शारजाच्या हद्दीतल्या खोर फक्कानच्या एका दवाखान्यातली सिस्टर ठरल्यापेक्षा आधीच बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. मला सोमवारी हजर व्हायचं होतं, मुसफ्फात दुसरी सिस्टर येणार होती. मी दोन दिवस मागितले. पेशंटचं कारणही सांगितलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे हिंदीत म्हणाल्या, "नहीं जाना है तो बोल दो, मैं दूसरी को भेजती हूँ. लेकिन फिर अगला कब मिलेगा, मैं नहीं बता सकती."

त्याआधीच्या वर्षी मी सात आठवडे काम नसताना खोलीत बसून काढले होते. सकाळी तिघी युनिफॉर्म घालून निघायच्या आणि मी गॅलरीतून त्यांची गाडी बघायची. ते आठवलं. मी हो म्हणाले.

दवाखान्यात नव्या सिस्टरसाठी सगळं लिहून ठेवलं. ती फिलिपिनो होती, कामाला चांगली. मग काकांना फोन केला. म्हटलं, मला पाठवतायत, पण तुम्ही मंगळवारी नव्या सिस्टरकडे ठेवलेली चिठ्ठी घेऊन नक्की जा. ते म्हणाले, "बरं ताई. जाईन." ते जाणार नाहीत हे मला त्या क्षणी समजलं होतं. तरी मी फोन ठेवला आणि बॅग भरायला घेतली.

खोर फक्कानहून मी काकांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते म्हणाले, जखम भरत आलीय. तिसऱ्यांदा फोन बंद होता. मी मुसफ्फाच्या सिस्टरला विचारलं. तिने सांगितलं, कंपनीच्या गाडीतून तापाने फणफणलेले आणले होते, आम्ही लगेच मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. महिन्याभरात कंपनीने त्यांना घरी पाठवलं.

तीन महिन्यांनी परत आल्यावर मी बाईंना विचारलं, मुसफ्फातच पुन्हा मिळेल का? तो करार आता दुसऱ्या एजन्सीकडे गेला होता. माझ्यासाठी एका शाळेतली जागा आली होती. शाळा सुरू व्हायच्या आधी मी काका राहायचे त्या कामगारांच्या कॅम्पवर गेले. त्यांच्या खोलीतल्या एकाने गावचा नंबर दिला.

फोन त्यांनीच उचलला. आधी माझीच चौकशी केली, आता कुठे टाकलंय म्हणून विचारलं. मी रडायला लागले तर म्हणाले, "तुम्ही कशाला रडता? त्या मंगळवारी मी आलो होतो ओ दवाखान्याजवळ. बाहेर बसलो होतो बराच वेळ. आत जावंसं वाटलं नाय."

मला पाठवलं होतं हो, असं काहीसं मी बोलले. नाही म्हणता आलं असतं, हे सांगितलं नाही.

मग त्यांच्या बायकोने फोन घेतला. कापलेल्या जागी टाक्यांजवळ ओलसर वाटतं, काय करू, असं त्या विचारत होत्या. मी सगळं नीट सांगितलं. कसं पुसायचं, पट्टी किती घट्ट बांधायची, दुसऱ्या पायाचा तळवा रोज बघायचा, तालुक्याच्या डॉक्टरला उद्याच दाखवायचं. त्या प्रत्येक वाक्यावर हं म्हणत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही इकडे कधी येणार?

मी म्हटलं, माहीत नाही. शाळेचं वर्षभराचं आहे, त्याच्या पुढचं एजन्सी सांगेल.