हाका ऐकणारे भावोजी

यंत्र बसवण्याआधी ऑफिसच्या मधोमध डोळे मिटून बसणारा माणूस अख्ख्या कावेरीकाठी एकच झाला, आणि तो आमच्या ताईचा नवरा आहे हे मी कुंभकोणमच्या प्रत्येक कॉफीच्या दुकानात कुणी न विचारताच सांगत आलोय.

नव्वदीतली गोष्ट. गावातल्या एका बसकंपनीच्या मुदलाळींनी, म्हणजे मालकांनी, सर्व्हर मागवला. सगळ्या टेबलांवरच्या संगणकांना माहिती पुरवणारं यंत्र. खोका आला, त्याला कुंकू लागलं, आणि तो बसवायला बोलावलेले भावोजी म्हणाले, आत्ता उघडायचा नाही. आमच्या घरच्या लग्नांतही काय रांधायचं ते ठरवायला, पातेलं चढण्याआधी ते पाहुण्यांत नुसते हिंडून येत. त्यांचं म्हणणं, "विचारलं की माणूस शेजाऱ्याकडे आहे तेच मागतो. ओरडतो तेव्हा खरं बोलतो."

म्हणून ते खुर्ची टाकून ओरडा ऐकत बसले. ओरडा तरी कसला, पलीकडच्या देवळातला हत्ती कान पाडून उभा राही. वर्कशॉपवाला भांडाराला ब्रेकचं सामान विचारी, तिकीटखिडकी वर्कशॉपला कुठली गाडी निघणार ते विचारी, हिशेबनीस सगळ्यांनाच सगळं विचारी. मुदलाळींना वाटलं, माणूस झोपलाय. त्यांनी बजावलं की शुक्रवारी यंत्र चाललं नाही तर मद्रासहून दुसरा येईल आणि यांनी घरी बसावं. भावोजी घोरल्यासारखे ऐकतच राहिले.

शुक्रवारी उठले. भांडार, वर्कशॉप आणि खिडकीला एकच माहिती एकाच वेळी दिसायला हवी, म्हणाले. हिशेबनिसाला संध्याकाळी मिळाली तरी पुरे. मुदलाळींनी आपल्या टेबलावरच्या मोठ्या पडद्याचं विचारलं.

"सार, तुम्हाला कुणी काही विचारत नाही, तुम्हीही कुणाला हाक मारत नाही. पडदा नको. पण तुमची खोली हवी. यंत्राला गारवा लागतो, आणि एसी तिथेच आहे."

पंखेसुद्धा थांबले म्हणतात. मुदलाळी आधी लाल झाले, मग जांभळे, आणि मग स्वतःची खुर्ची स्वतः उचलून बाहेर सगळ्यांत येऊन बसले. संध्याकाळी यंत्र चालू झालं, ते पुढे वर्षानुवर्षं कुरकुरलं नाही. मुदलाळीही कुरकुरले नाहीत, त्यांना आता दिवसभर कुणी ना कुणी काही विचारी.

भावोजींचे कान हल्ली पार गेलेत. ताईची हाक त्यांना ऐकू येत नाही. ती वळते तेव्हा ते पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभेच असतात. ताई तरीही हाक मारते. म्हणते, इतकं कुणी ऐकलं नाही माझं.